वायरमनकाकांचा वर केलेला हात

वायरमनकाकांचा हात उगाच कधी वर गेला नाही. लातूरच्या आमच्या गल्लीत सगळे हातवारे करून बोलत. हे मात्र हात मांडीवर ठेवून. त्यांची तीस वर्षं विजेच्या खांबांवर गेली. वरून मारलेली हाक खाली पोचत नाही, म्हणून जोडीदार दत्तूशी खुणा ठरलेल्या: हात वर म्हणजे लाईन बंद ठेव, खाली झटकला म्हणजे चालू कर.

"तोंड चुकलं तर माफी मागता येती, सर. हात चुकला की मानूस गेला," ते मला, शेजारच्या मास्तराला, सांगत.

एकदा मी रस्त्यात नुसता हात वर करून नमस्कार केला, तर सायकल थांबवून म्हणाले, "काय बंद करायचं हाय?"

मागच्या वर्षी अर्धांगवायूनं त्यांची डावी बाजू गेली. काकू दिवसभर शाळेत खिचडी शिजवायला जात. पुण्यातला मुलगा, अनिकेत, म्हणाला, बाबांना इथं एकटं ठेवायचं नाही. काकांना लातूर सोडायचं नव्हतं. तडजोड म्हणून त्यानं मनगटी पट्टी आणली. हात वर केला की पंखा, दिवा चालू. खाली झटकला की बंद. खोक्यावरच्या हसऱ्या कुटुंबानं लोडशेडिंग पाहिलेलं दिसत नव्हतं. अनिकेतनं उद्घाटनाचं असावं तसं भाषण केलं आणि अट घातली: पंधरा दिवसांत खोली एकट्यानं सांभाळता आली, तर इथंच राहा, नाहीतर पुण्याला चला.

काकांना थंडी वाजे, पंखा बंद करायला ते हात वर धरत, पंखा फिरतच राही.

"अहो, पंखा हाय त्यो, खांब न्हाई! झटका की हात खाली!" काकू वैतागत.

मी अनिकेतला फोन केला. खुणा उलट्या करता येतील?

"कंपनीनं तशाच दिल्यात, सर. लोकांना नॅचरल वाटतं."

कोणत्या लोकांना, ते मी विचारलं नाही. काकांनाच समजावायला बसलो.

"सर," ते जड जिभेनं म्हणाले, "खाली दत्तू माझ्या हाताकडं बघत उभा राहायचा. कधी दुसऱ्यांदा इचारलं न्हाई त्यानं. ह्या हाताला आता खोटं बोलायला लावू?"

पंधराव्या दिवशी अनिकेत आला. त्याच्या पाठीमागे उभ्या राहून काकू स्वतःचाच हात खाली झटकून दाखवत होत्या. काकांनी ते पाहिलं.

"बाबा, पंखा बंद करा."

काकांनी हात सरळ वर धरला. पंखा घरघरतच राहिला.

"परत एकदा, बाबा." अनिकेतचा आवाज मऊ झाला होता.

काकांनी परत वरच धरला.

शेवटी मी उठून भिंतीवरचं बटण दाबलं. पाती थांबली. मग काकांनी दातांनी पट्टी सोडवली आणि काकूंना म्हणाले, "बॅग काढ."