तिसरं कडवं

जावातल्या तुलुंगआगुंगच्या आसपास लग्न निघालं की मांडवात तुकिरन आणि त्याचा लॅपटॉप हजर. सगळा गाव त्याला आदराने पाक, म्हणजे बाबा, म्हणायचा, बायकोसुद्धा. संगीत लॅपटॉप वाजवायचा, गायची बायको वारसिती, आणि लॅपटॉप अडकला की बोलायचा तुकिरन. बोलायची वेळ फार यायची. यंत्र दम खाऊन उठेपर्यंत तो नवरदेवाच्या मामापासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या टोप्या उडवायचा आणि लोक पोट धरधरून हसायचे.

वारसिती मात्र हसत नसे. तिचं लाडकं विरहगीत दरवेळी तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी बंद पडायचं, आणि वर चढवलेला सूर तसाच टांगून ती बिचारी आ वासून उभी. त्यातच तिच्या भाचीचं लग्न ठरलं.

"पाक, या ईदला मला नवी कबाया चोळी नको," ती म्हणाली. "या लॅपटॉपची आतडी बदलून आणा. एकदा तरी गाणं शेवटापर्यंत गाऊ दे, मग मेले तरी चालेल."

"तू मेलीस तर गाणार कोण?" तुकिरन म्हणाला. पण गेला.

केदिरीच्या दुरुस्तीवाल्या को लियाँगने लॅपटॉप उघडला तेव्हा आतून मुंग्या, लवंगी सिगारेटची राख आणि पालीची दोन अंडी निघाली. दुरुस्तीवाले चांगले भाग काढून घेतात, असा आपल्याकडे सगळ्यांनाच संशय. म्हणून तुकिरनने बायकोच्या नेलपॉलिशने आतल्या भागांवर लाल टिकल्या लावल्या. नेमकी त्यातली हार्ड डिस्क आणि रॅमच टाकाऊ निघाली. ते गाणं डिस्कच्या ज्या जागी होतं तीच झिजली होती, असं को लियाँगने सांगितलं. त्याने डिस्कच्या जागी नवी, वेगवान एसएसडी घातली, दुप्पट रॅम बसवली, गाण्याची नवी प्रतही भरून दिली. जुनी डिस्क तुकिरनने खिशात टाकली.

आता कॉफीवर फुंकर घालेपर्यंत लॅपटॉप सुरू व्हायचा. तुकिरनला वाईट वाटलं. आता आपल्याला कोण विचारणार? तालमीचं त्याने सुचवून पाहिलं, पण इतक्या वर्षांच्या गाण्याला तालीम कसली, म्हणून वारसितीने उडवून लावलं.

भाचीच्या मांडवात दोन कडवी झोकात झाली. तिसरं आलं. लॅपटॉप थांबला नाही, संगीत सरळ पुढे निघालं, आणि वारसिती आ वासून उभी राहिली. हे गाणं ती याच लॅपटॉपवरून शिकली होती. तिसरं कडवं तिने आजवर ऐकलंच नव्हतं.

तुकिरनच्या जिभेवर जन्मातला सगळ्यात भारी विनोद येऊन बसला. समोर तिचं सगळं माहेर बसलेलं होतं. त्याने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, विनोद गिळला, हळूच बटण दाबून गाणं बंद केलं आणि लॅपटॉपला एक चापट मारली.

"मंडळी, मेला परत अडकला. आतून कितीही बदला, हा माझ्यासारखाच राहणार."

मांडव हसला. मग मामाची पाळी आली, मग आचाऱ्याची.

वारसिती माइक खाली धरून त्याच्या कानाशी आली. "पाक, ती जुनी डिस्क टाकली का हो?"

"खिशात आहे," तुकिरन म्हणाला.