फौजीची जागा

आमच्या शहाद्याच्या कचेरीत माजी सैनिकांच्या राखीव जागेवर एक कारकून आलाय. सगळे त्याला फौजी म्हणतात. चहा आला की तो आधी झाकणात घोटभर ओतून चाखतो, मगच आम्हाला देतो. लष्करात स्वयंपाकी होता, तिथलीच ही सवय.

त्याच भरतीत माझ्या पुतणीला त्याच्यापेक्षा जास्त मार्क पडले, तरी तिची निवड हुकली. परवा ती कचेरीत आली, तेव्हा मी दबकतच दोघांची ओळख करून दिली.

"पोरी, तुन्हा मार्क जास्त शेतस," तो सरळच म्हणाला. "मी तं कधी गोळी बी नही चालाडी. दाय-भात शिजाडा."

"मंग सोडी द्या ना जागा!" ती उसळली.

"सोडावू नही."

मी हादरलोच. एवढं तोंडानं कबूल करायचं आणि वर हे! तो मात्र शांतपणे चहा चाखत होता.

"मन्हा बाप गया, तव्हय माले रजा भेटनी नही. मन्ही बायकोनी खांदा बी दिधा, अग्नी बी दिधा. सारं गाव तोंड फिराईसन उभं व्हतं. जागा तिनी शे. जाय, तिले इचारी ये. ती सोड म्हनी, तं सकायलेच सोडसू."

त्याच्या गावाची, ब्राह्मणपुरीची बस समोरच उभी होती. पुतणी जागची हलली नाही.