आखाडात कापलेला कोंबडा

मानमोडीचा रोग गावात आला, तेव्हा आमच्या अकरा कोंबड्या चार दिवसांत गेल्या. लस टोचून घ्यायची राहून गेली, ती चूक माझी. उरली एक तांबडी कोंबडी आणि एक कोंबडा. काष्टीच्या बाजारातून सासूबाईंनी पूर्वी आणलेल्या कोंबडीच्या वंशातली ही तांबडी शेवटची. तिच्यापासूनच खुराडं पुन्हा भरायचं, असं त्यांनी ठरवलं.

मग आखाड आला. लेक-जावई जेवायला येणार आणि दारात कोंबडा असताना विकतचं ब्रॉयलर आणायचं, हे बरं दिसेना. कोंबडा कापला.

महिन्याभराने तांबडी पुन्हा अंडी घालू लागली आणि पुढे खुडूक होऊन उबवायला बसू लागली. अंडी विषमच ठेवायची, म्हणून सासूबाईंनी टोपलीत भुशावर अकरा मांडली, विजेची बाधा नको म्हणून खिळा ठेवला. आठव्या दिवशी मी अंधाऱ्या खोलीत मोबाईलच्या उजेडात एकेक अंडं पाहिलं. पिल्लू धरलं की दिसतं ते शिरांचं लाल जाळं एकातही नव्हतं. सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, तुझ्या मोबाईलला काय कळतंय, बसू दे तिला.

एकविसावा दिवस गेला, एकही अंडं फुटलं नाही. पाणी प्यायला तांबडी दिवसातून एकदाच उठायची. तुरा फिका पडला, छातीचं हाड हाताला टोचू लागलं. सासूबाई रोज सकाळी एक अंडं कानाला लावून ऐकायच्या. चोविसाव्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसले.

"आत्याबाई, कोंबड्याबिगर अंडी व्हत्यात, पिल्लं व्हत न्हाईत. कोंबडा आपण आखाडात खाल्ला."

त्यांनी हातातलं अंडं टोपलीत ठेवलं.

"मसाला मीच वाटला हुता," त्या म्हणाल्या.

खुडूक मोडायला कोंबडीला पाण्यात बुडवतात. मी बादली भरली. सासूबाईंनी ती उचलून झाडाला ओतली. तेव्हा मी शेजारणीकडे गेले. तिच्या कोंबडीची पिल्लं आदल्या दिवशीच निघाली होती, सहा मागून आणली. दिवेलागणीला अंडी काढत एकेक पिल्लू तांबडीच्या पोटाखाली सरकवलं. तिने माझ्या मनगटावर दोनदा चोच मारली, मग पंख पसरून सहाही आत घेतली.

अंडी मी शेवग्याखाली पुरली.

सकाळी तांबडी पिल्लं घेऊन अंगणात आली. सहाही काळी. सासूबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि तांदळाच्या कण्या आणायला आत गेल्या.