अंबूबाईच्या हातचा तुरा

कलगी-तुऱ्याच्या गाण्याला ते नाव का पडलं, हे आमच्या नवलाख उंबरे गावात शेंबडं पोरही सांगायचं. शिवाला मोठा मानणारे शाहीर डफाला तुरा बांधत आणि शक्तीला मोठी मानणारे कलगी. सवालाला उत्तर आलं नाही तर आपला तुरा सोडून समोरच्याला द्यायचा, आणि उत्तर आलं तर विचारणाऱ्याने आपली कलगी द्यायची, असा आमच्याकडचा रिवाज होता.

आमचा रखमाजी तुरेवाला. नांगर कसाबसा धरायचा, डफ मात्र झोकात. त्याचा तुरा गुरूने मरताना दिलेला, म्हणून जिवापेक्षा प्यारा. ‘‘ह्याला बाईमाणसाचा हात लागल्याला न्हाई,’’ अशी फुशारकी मारल्याशिवाय त्याचं गाणं सुरूच होत नसे. आता दोरेच ते, झिजायचेच. दरसाल जत्रेच्या आदल्या दिवशी दाराला कडी घालून त्याची बायको अंबूबाई ते नव्याने गुंफायची. आणि ती तर उर्से गावच्या कलगीवाल्यांची लेक!

चौतीस साली उर्से गावच्या जत्रेत कुस्त्या आटोपल्या आणि सवाल-जवाब रंगले. समोर अंबूबाईचा सख्खा भाऊ, भिमाजी. त्याने मिशीला पीळ दिला.

‘‘दाजी, डफावर हात ठिवून सांगा. ह्यो तुरा कुणी गुंफला?’’

डफावर हात ठेवून खोटं बोलायची छाती कोणाची नव्हती. घरचं गुपित चव्हाट्यावर आणणाऱ्या त्या मेहुण्याचा मला असा राग आला! पण खोटं कशाला बोलू, मजाही वाटली. रखमाजीला घाम फुटला. गप्प राहावं तर गुरूचा तुरा जातो, बोलावं तर जन्माची फुशारकी. दाजी मेले तरी कबूल व्हायचे नाहीत, अशी भिमाजीची खात्री होती.

‘‘तुझ्या भनीनं,’’ रखमाजी खाली मान घालून म्हणाला. ‘‘दरसाल तीच गुंफती.’’

जत्रा खो खो हसली. उत्तर खरं होतं, आणि भिमाजीला ते नाकारता येईना. त्याने चरफडत कलगी सोडून दिली.

रखमाजी तसाच उठला आणि बायकांच्या गर्दीत शिरून अंबूबाईपुढे उभा राहिला. डफ आणि कलगी तिच्या हातात दिली.

‘‘ही बी बांध.’’

अंबूबाईने पदराआड हसू दाबलं. ‘‘बांधती की. पर वर कुटली बांधू, कलगी का तुरा?’’

शिव मोठा, शिव मोठा म्हणून ज्याने वीस वर्षं घसा कोरडा केला, तो रखमाजी आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, ‘‘तू म्हणशील ती.’’