मागल्या सालचं पाणी

आक्कापुढे कुणी पाण्याचा तांब्या ठेवला, की ती आधी आत डोकवायची. मग पदराची दुहेरी घडी तांब्याच्या तोंडावर ताणून त्यातून पाणी प्यायची. परळच्या आमच्या चाळीत नवी आलेली एखादी बाई दुखावून म्हणायची, "अहो, मुंबईच्या नळाचं पाणी आहे हे!" आक्का तोंड पुसत म्हणायची, "पानी बघून प्यावं बाई. मानूस बघून न्हाई."

लहानपणी तिच्या डाव्या घोट्यातून नारू निघाला होता. दोऱ्यासारखा लांबलचक किडा तो. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तिचा अर्ध्यात तुटला, पाय सडला आणि कायमचा वाकडा झाला. त्या पायावर उभी राहून ती गिरणीच्या सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात माझ्या शेजारी काम करायची. आम्ही दोघी साताऱ्याकडच्या एकाच कोरड्या गावच्या. मी वरल्या आळीची, ती खालच्या वस्तीतली. गिरणीत जेवणाच्या सुट्टीत आमचे डबे एकत्र उघडत. गावात मात्र माझ्या सासरच्या अंगणाबाहेर ती उभी राही.

वरल्या आळीला पायऱ्यांची विहीर होती. बायका गुडघाभर पाण्यात उतरून घागरी भरायच्या, नारूचे पायही त्यातच बुडायचे. खालच्या वस्तीला तिथं मज्जाव. त्यांनी ओढ्यातल्या डबक्याचं पाणी प्यायचं. आक्काला परळच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी समजावलं होतं: नारू पाण्यातून पोटात जातो आणि वर्षानं पायातून बाहेर पडतो. उंच कठड्याची विहीर हवी, वरून रहाटानं पाणी ओढायचं, पाण्यात कुणाचा पाय पडता कामा नये. तेव्हापासून तिला दुसरं काही सुचेना.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे. लालबागला मुंबईतल्या आमच्या गावकऱ्यांची बैठक भरली, तेव्हा सकाळच्या मोर्चानं सगळ्यांचे घसे बसलेले होते. विहीर बांधायला कुणाची ना नव्हती. पण एक वयस्क कारभारी म्हणाले, "दोन बांधू. उगाच भानगड नको."

आक्का भिंतीला धरून उठली. "सकाळी मोर्चात माझा खांदा तुमच्या खांद्याला लागला. घरी येऊन कोन आंघोळीला पळालं? मग गावात घागरीला घागर लागली तर काय हुतंय?"

 शेवटी कारभाऱ्यांनीच मान हलवली. एकच विहीर ठरली.

मुंबईत ठरलं, गावात पटलं नाही. आक्काच्या भावानं आपल्या शेताचा कोपरा दिला. त्यानं आणि वस्तीतल्या माणसांनी खणायला घेतलं. माझे मालक रजा काढून मदतीला गेले, म्हणून सासूबाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. पाणी लागलं त्या दिवशी आम्ही दोघी तिथंच होतो. बांधावर वरल्या आळीचे पुरुष काठ्या घेऊन उभे. पाटील ओरडले, "आमच्यातलं कुनी ह्या पान्याला शिवलं, तर त्याचं घर वाळीत!"

मी बादली ओढली आणि ओंजळीनं प्यायले. निम्मं पाणी लुगड्यावर सांडलं. काठ्या उठल्या नाहीत, पण त्या संध्याकाळी सासूबाईंनी आम्हा नवराबायकोला दार उघडलं नाही. आम्ही आक्काच्या भावाकडे जेवलो आणि निजलो.

खरी परीक्षा पुढच्या वैशाखात आली. खालच्या वस्तीत पुन्हा नारू निघाले. वरली आळी हसायला लागली, "प्या अजून आक्काच्या विहिरीचं!" वस्तीचाही धीर सुटला, बायका परत ओढ्याकडे वळल्या. निरोप मिळताच आक्का गिरणीतून तशीच गावी गेली आणि डबक्याच्या तोंडाशी जाऊन बसली. तिची सख्खी भावजय मडकं घेऊन आली, तर तिनं ते हिसकून दगडावर आपटलं.

"हे मागल्या सालचं पानी बाहेर येतंय," ती म्हणाली. "पुन्हा गिळाल तर पुढल्या साली पुन्हा भोगाल. एक वरीस माझं ऐका. न्हाई खरं झालं, तर मला ह्याच डबक्यात ढकला."

ती मुंबईला परतलीच नाही. खात्यातली तिची जागा गेली.

पुढच्या वैशाखात मी गावी गेले. वरल्या आळीत ओसरी-ओसरीवर पाय बांधलेली माणसं पडली होती. माझ्या सासूबाईही त्यांतच. खालच्या वस्तीत मी दारोदार फिरले. पेरणीच्या तयारीला सगळे शेतात गेलेले. घरी पाय बांधून पडलेलं एकही माणूस नव्हतं.

दोन दिवसांनी भर दुपारी पाटलांची धाकटी सून विहिरीकडे आली. कडेवर मूल, डोक्यावर रिकामी घागर. बांधावर पुन्हा पुरुष जमले. कठड्याशी येऊन ती थबकली. तिनं घागर खाली टेकवली.

"आक्का, घागरीत पानी घालतीस?"

"मी कशाला घालू? दोर धर. तुझी बी हाय विहीर."

"पोर हाय कडंवर."

आक्कानं हात पुढे केले. सुनेनं एकदा बांधाकडे पाहिलं आणि मूल आक्काच्या हातात दिलं. तिनं दोर धरला. रहाट करकरला, बादली वर आली. घागर भरेपर्यंत ते मूल आक्काच्या गळ्यातल्या काळ्या पोतीशी खेळत होतं. बांधावरून पाटील निघून गेले. दुसऱ्या सकाळी विहिरीवर रांग होती. त्या रांगेत माझी जाऊही होती.

महाराष्ट्राचं राज्य आलं, तेव्हा मी परळला नाक्यावर पेढे वाटले. आक्का गावीच होती. काही वर्षांनी ती तापानं गेली. निरोप उशिरा पोचला, मला तिचं तोंड पाहता आलं नाही.

परवा नातसुनेनं माझ्या बोलण्यातला शब्द पकडून विचारलं, "आजी, नारू म्हणजे काय हो?" मी सांगू लागले. किडा सांगितला, काडी सांगितली, पण पुढं आक्काची गोष्ट सांगितल्यावाचून ते सांगताच येईना. पोरगी हातातलं काम सोडून ऐकत बसली.