मित्राच्या फोनवर येणारा कोड

बारामतीच्या एमआयडीसीत आमचं काम दूध थंड करायच्या मशिनी दुरुस्त करायचं. तक्रारी नोंदवायचं सॉफ्टवेअर माझ्या मित्रानं बसवलं होतं. लॉगिन त्याच्या एकट्याचं, आणि आम्ही सगळे आळशी लेकाचे त्याच लॉगिननं तक्रारी टाकायचो. तो अपघातात गेला, तरी तक्रारी त्याच्याच नावानं पडत राहिल्या. ते बदलायला कुणाचाच हात धजला नाही.

शेवटी सॉफ्टवेअरच्या आतला छोटा डेटाबेस रोज बंद पडायला लागला. मोठा डेटाबेस उभा करायचं काम पडलं माझ्या गळ्यात. तक्रारींचं टेबल वेगळं, माणसांचं वेगळं, आणि प्रत्येक तक्रार ज्याच्या त्याच्या नावाला जोडायची. सगळं तयार झालं. पण जुनी माहिती बाहेर काढायला नुसतं लॉगिन पुरत नव्हतं; खात्रीचा कोड लागणार, आणि तो जाणार मित्राच्या मोबाइलवर. मोबाइल लासुर्ण्याला, त्याच्या वडिलांकडे, तात्यांकडे.

लॅपटॉप घेऊन गेलो. तात्यांनी फोन चार्जिंगला लावून ठेवला होता. रिचार्जसुद्धा चालू.

"मशीन कुठं बिघडलं की ह्येच्यावर मेसेज येतो," तात्या म्हणाले. "वाजला की वाटतं, पोरगं कामावर हाय."

अरे देवा! कुठून हे काम अंगावर घेतलं, असं झालं मला. तरी सांगून टाकलं, "तात्या, आता नाही वाजणार हा. नाव बदलतोय आम्ही. त्याआधी ह्यावर एक कोड येईल, तेवढा वाचून दाखवा."

तात्यांनी फोन चार्जरवरून काढून समोर ठेवला. मग म्हणाले, "व्हय, कंपनीचं काम अडाय नगं. पाठव तुजा कोड."

मी बटण दाबलं. फोन वाजला. तात्यांनी आकडे वाचले, मी टाकले, चुकले. पुन्हा पाठवला. पुन्हा वाजला, पुन्हा चुकले. 'चष्मा लावा की' म्हणणार होतो, पण चष्मा डोळ्यांवरच होता. म्हणून वाकून बघितलं. स्क्रीनवर स्वच्छ सात होता आणि तात्यांनी चार सांगितला होता.

"चुकला व्हय? मग आजून एकदा पाठव," ते म्हणाले.

मग मी बघायचं सोडलं. नुसता पाठवत राहिलो. फोन वाजायचा, तात्या ऐकत बसायचे आणि मग कायतरी आकडे सांगायचे. मला रडू आवरत नव्हतं.

शेवटी त्यांनीच फोन उचलून माझ्या हातात दिला.

"तूच वाच, बाबा. माज्यानं न्हाय व्हायचं."