लवूमामा आणि न पेटणारा दिवा

लालबागच्या त्या चाळीत लवू गावकरला दोनच कामांसाठी बोलावणं येई. कुणाच्या गाडीचं वायरिंग बिघडलं तर, आणि कुणाच्या दारात नवी गाडी आली तर देवाला गाऱ्हाणं घालायला, म्हणजे तिच्या भल्यासाठी साकडं घालायला. वायरिंग हा त्याचा धंदा, गाऱ्हाण्याचा गळा मात्र बापाकडून आलेला. बाप गिरणीत साचे चालवायचा, पण गावच्या देवळात उभा राहून त्याने "बा देवा म्हाराजा" म्हटलं की पाठची माणसं आपोआप "व्हय म्हाराजा" करायची. लवूचा आवाजही तसाच, थेट बेंबीच्या देठापासून निघणारा.

तिसऱ्या एका कामाला मात्र त्याला कुणी चुकूनही बोलावत नसे. जुनी गाडी घ्यायची असेल तर ती लवूला दाखवायची नाही, हे सगळ्या गल्लीला पाठ झालेलं. कारण लवू खोड काढणार म्हणजे काढणारच. दुसरे लोक आधी बॉनेट उघडतात. हा बाबा काचा बंद करून आत बसायचा आणि नाक वर करून वास घ्यायचा. मग पायाखालचं मॅट उचलायचा, स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात बोटं फिरवायचा, ती बोटं हुंगायचा. "एवढं अत्तर मारलंय म्हणजे आत काहीतरी कुजलंय," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्या नाकापायी कितीतरी सौदे मोडले. चाळीतले म्हातारे म्हणायचे, "लवूक दाखवलंस तर बैलगाडी पण घेवचंस नाय." लवू हसण्यावारी न्यायचा, पण मनाला लागायचंच. आपण लोकांचं भलं बघतो आणि लोक आपल्यालाच टाळतात, हे काय गौडबंगाल आहे ते त्याला आयुष्यभर उमगलं नाही.

सख्खा भाचा हितेंद्र तरी वेगळा कसा वागेल? त्याने जुनी गाडी आधी घेतली, तिला हार घातला आणि मग मामाला फोन केला. "मामा, सकाळी ये. गाऱ्हाणं घालायचंय. आईला घेऊन गणपतीला गावी निघतोय."

लवूला राग आला, पण बहिणीचं नाव ऐकून त्याने "येतो" म्हटलं. मीराबाई त्याची मोठी बहीण. गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून तिला एसटीत चढता येत नव्हतं. दर गणपतीला ती फोनवर आरती ऐकायची आणि फोन ठेवला की डोळे पुसायची. यंदा तिने हिंदमाताहून मोतिया रंगाची साडी आणली होती, ती नेसूनच गावच्या गणपतीवर फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली बसायचं असं ठरवून.

लवू पोचला तेव्हा सामान डिकीत गेलेलं, चाकांखाली लिंबं ठेवलेली आणि अर्धी चाळ खाली जमलेली. सवयीने तो पुढच्या सीटवर शिरला आणि दार ओढून घेतलं. मोगऱ्याच्या अत्तराचा भपकारा आला. त्याने चावी फिरवली. ऑइल, बॅटरी, इंजिन, हँडब्रेक, सगळे दिवे पेटले. एअरबॅगचा मात्र पेटला नाही. त्याने चावी बंद करून पुन्हा फिरवली. ती जागा काळी ती काळीच. मग त्याने बाजूच्या सीटचा पट्टा ओढत ओढत पार शेवटापर्यंत बाहेर काढला. वरचा भाग स्वच्छ धुतलेला, पण आत गुंडाळून राहणाऱ्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट गाळ वाळला होता.

"हित्या, इकडे ये. एअरबॅगचा दिवा पेटत नाही."

"मग बरंच ना मामा! पेटला असता तर प्रॉब्लेम."

"अरे, चावी फिरवली की प्रत्येक दिवा एकदा पेटून विझलाच पाहिजे. हजेरी असते ती. हा हजेरीलाच नाही. म्हणजे तो पेटून राहत होता, म्हणून कोणीतरी तो मुद्दाम मारलाय. गाडी पाण्यात बुडालेली आहे बघ. एअरबॅगला उघडायचा हुकूम देणारा डबा खाली असतो, गिअरच्या पुढे. पाणी तिथे शिरतं."

"काय मामा! विकणाऱ्यांनी माझ्यासमोर मशीन लावलं. एक फॉल्ट नाही दाखवला."

आतला डबा सडलाय की नुसती एखादी पिन गंजलीय, हे गाडी खोलल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. हितेंद्रची बायको अक्षदा तेवढी पुढे झाली. "मामा, म्हणजे वेळ आली तर ती पिशवी उघडणार नाही?"

"उघडेल. नाहीतर नाही उघडणार. नाहीतर चालता चालता उगीचच उघडेल. मला सांगता येत नाही गो."

डॉक्टरने "सांगता येत नाही" म्हटलं की माणसं घाबरतात. लवूने म्हटलं की हसतात. अक्षदाने नवऱ्याकडे बघितलं. हितेंद्र म्हणाला, "मामाने आजवर कुठली गाडी पास केलीय?" सगळे खो खो हसले, मग अक्षदाही हसली. लवूने आयुष्यभर बारीकसारीक खोडींवर जो आरडाओरडा केला होता, तो आज असा अंगाशी आला. "चतुर्थी होऊ दे, खोलून बघूया," तो अजिजीने म्हणाला. "चतुर्थी झाल्यावर जाऊन काय करू?" हितेंद्र म्हणाला, आणि तेही खोटं नव्हतं.

तेवढ्यात काठी टेकत मीराबाई खाली आली. नवी साडी, केसात अबोलीचा वळेसर, चेहरा असा फुललेला की लवूला तिच्याकडे बघवेना.

"लवू, नाट लावू नको हां," ती म्हणाली. "किती वर्सांनी जातंय मी."

"बाय, निदान पाठच्या शिटीवर बस."

"गुडघो वळता खंय माझो? मी पुढेच बसतलंय, पाय लांब करून."

नारळ त्याच्या हातात आला. लोकांनी हात जोडले. लवूने डोळे मिटले आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो हितेंद्र गाडी घेऊन तुझ्या दारात येवक निघालो हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वाटेत जी काय आडीअडचण आसात, ती दूर कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे खरं तर नारळ फोडायचा. पण लवूचा आवाज थांबेना. "ह्या गाडयेत पाणी गेलेला आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिचो दिवो कोणी मेल्यान मारून ठेवल्यान हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मी सांगलंय, पण कोणी आयकूक नाय, म्हाराजा! पुढच्या शिटीवर माझी भैण बसता हा, तिका तूच सांभाळ, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज मीराबाईचा होता. देव सोडून कुणाचंच शब्दांकडे लक्ष नव्हतं, आणि देवाचं तरी होतं की नाही कोण जाणे. सूर खाली आला की होकार द्यायचा, एवढंच त्यांना लहानपणापासून ठाऊक. नारळ एका घावात फुटला. शुभशकुन झाला म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

लवूने बहिणीला हाताला धरून गाडीत बसवलं. ती जाडजूड. पट्टा तिच्या अंगावरून घेता घेता पार शेवटापर्यंत ओढावा लागला, तेव्हा कुठे तो खटकन बसला. लिंबं चिरडून गाडी निघाली.

"आज गाऱ्हाणं छान घातलंत हो, नेहमीपेक्षा मोठं," बायको लतिका म्हणाली. लवू जेवायला नुसता पानावर बसून उठला.

दुपारी हितेंद्रचा फोन आला. "मामा, पेणला चहाला थांबलोय. गाडी एकदम मक्खन! आणि खास तुझ्यासाठी लक्ष ठेवून आहे, एक पण दिवा पेटलेला नाही."

"बायने पट्टा लावलाय ना रे?" एवढंच लवूला विचारता आलं.

"लावलाय ना! पण नव्या साडीला कसला तरी मातीचा डाग लागलाय, म्हणून मघापासून डोकं खातेय."

लवू काही बोलणार तोवर फोन कट झाला. पुढे सगळे घाट होते.